यंत्राला पाहायला शिकवणारी विदुषी : डॉ. फेई-फेई ली

(वर्षावास समाप्ती व विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकारिणीने आम्हांला विज्ञानाच्या क्षेत्रातील एखाद्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण कार्यवाह म्हणाले, "तुम्हांला शिकवायला बोलावलेले नाही. वाचून जे समजले ते सांगा. तुम्हांला समजले तर सगळ्यांना समजेल." हा आमचा गौरव होता की आणखी काही, याचा विचार आम्ही अजून करीत आहोत. परंतु त्या निमित्ताने आम्ही काही महिने वाचन केले आणि एका बाईंच्या चरित्राने आम्हांला धरून ठेवले. त्यांचे नाव डॉ. फेई-फेई ली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका. संगणकाला चित्र पाहून त्यातली वस्तू ओळखायला शिकवणे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. या शास्त्राला कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात, म्हणजे संगणकाची दृष्टी.

दृष्टी हा शब्द आपल्याला नवा नाही. तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गाचे पहिले अंगच सम्यक दृष्टी आहे. म्हणूनच यंत्राला दृष्टी कशी मिळाली, ती कुठे चुकली आणि चूक कशी दुरुस्त झाली, ही कथा आज आपल्यासमोर ठेवावी असे आम्हांला वाटले.

फेई-फेई यांचा जन्म 1976 साली चीनमधील बीजिंग येथे झाला आणि बालपण चेंगडू शहरात गेले. त्यांनी 2023 साली 'द वर्ल्ड्स आय सी' या नावाचे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात आईविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते आपल्याला जवळचे वाटेल. आईच्या माहेरचा संबंध क्वोमिंतांग या पराभूत पक्षाशी होता. घराण्यावर तो शिक्का बसला. मुलगी हुशार होती, परंतु शिक्का मुलीच्या आधी सगळीकडे पोचत असे. तिच्या उच्च शिक्षणाच्या वाटा बंद झाल्या. देश वेगळा, कारण वेगळे, पण जन्मावरून माणसाचे भविष्य ठरवण्याची रीत तीच. ही आई पुढे आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी का झगडली, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

फेई-फेई बारा वर्षांच्या असताना वडील अमेरिकेला गेले. 1992 साली मायलेकीही तिकडे गेल्या आणि न्यू जर्सी राज्यातील पार्सिपनी या गावी त्यांनी संसार मांडला. न्यूयॉर्क तिथून फार लांब नाही. 1913 साली बाबासाहेब बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन त्याच न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. परक्या देशात ज्ञानासाठी गेलेल्या माणसाची अवस्था काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

वडील कॅमेरे दुरुस्त करीत, आई दुकानात गल्ल्यावर काम करी. मुलगी शाळेत जाई आणि उरलेल्या वेळात चिनी खाणावळीत काम करी, लोकांची घरे साफ करी. इंग्रजी धड येत नव्हते. पाठ्यपुस्तकातील ओळ न् ओळ शब्दकोशात पाहून वाचावी लागे. गणित मात्र चांगले होते, कारण गणिताला परकी भाषा फारशी आडवी येत नाही. त्या शाळेत बॉब सबेला नावाचे गणिताचे शिक्षक होते. पुढच्या पातळीचे गणित शाळेत शिकवले जात नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या जेवणाच्या सुट्टीत या मुलीला ते शिकवले. विद्यार्थी मित्रांनो, हा तपशील लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

1995 साली त्यांना प्रिन्स्टन विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. विषय भौतिकशास्त्र. याच काळात आईची प्रकृती ढासळली. हृदयाचा विकार होता, नोकरी झेपेना. तेव्हा कुटुंबाने उसनेपासने करून कपडे ड्रायक्लीन करण्याचे एक छोटे दुकान विकत घेतले. आठवडाभर मुलगी प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्र शिके आणि शनिवार-रविवारी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेई. आई-वडिलांना इंग्रजी नीट येत नसल्यामुळे गिऱ्हाइकांचे फोन वसतिगृहातूनच घ्यावे लागत. असे तिने सुमारे सात वर्षे केले. पुढे मोठ्या प्राध्यापिका झाल्यावरही त्या दुकानाचा उल्लेख त्या न संकोचता करतात. आपल्यापैकी कितीजण वडिलांची हातगाडी, आईची धुणीभांडी इतक्या मोकळेपणाने सांगतात, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला.

1999 साली पदवी मिळाली. पैसा देणाऱ्या नोकऱ्या पुढे उभ्या होत्या. नंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पीएच.डी. करीत असतानाही एकदा घरच्या आजारपणामुळे त्यांचे मन चांगल्या पगाराच्या नोकरीकडे वळले होते. तेव्हा आजारी आईनेच त्यांना अडवले. इतके सोसून इथवर आलो ते तू मध्येच सोडून द्यावेस म्हणून नव्हे, असे त्या माउलीचे म्हणणे होते. 2005 साली पीएच.डी. पूर्ण झाली.

आता त्यांच्या कामाकडे वळू. यंत्राला पाहायला शिकवायचे म्हणजे काय, हे आम्हांला आमच्या टेबलावर बसून समजले.

बँकेत चेक आला की त्यावरची सही आणि आमच्याकडे असलेली खातेदाराची नमुना सही ताडून पाहावी लागते. खातेदार दोन वेळा अगदी तंतोतंत सारखी सही कधीच करीत नाही. कधी घाई असते, कधी हात थरथरतो. तरी जुना कारकून क्षणात सांगतो की सही बरोबर आहे. कशावरून, असे विचाराल तर त्याला नियम सांगता येणार नाही. त्याने हजारो सह्या पाहिलेल्या असतात, काही वेळा चुकलेला असतो, साहेबांची बोलणी खाल्लेली असतात. त्यातून नजर तयार झालेली असते.

संगणकाचेही असेच आहे. छायाचित्र आपल्याला चित्र दिसते. संगणकापुढे तो नुसता आकड्यांचा तक्ता असतो. लाखो बारीक चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या रंगाला आकडे. या आकड्यांत मांजर कुठे आहे, हे त्याला कसे कळावे? पूर्वी शास्त्रज्ञ नियम लिहून देत : दोन कान त्रिकोणी, तोंड गोल, मिशा. पण मांजर पाठमोरे बसले, टोपलीत अंग मुडपून झोपले, अर्धे दाराआड गेले की नियम कोलमडत. दुसरा मार्ग असा की नियम सांगायचेच नाहीत. उदाहरणे दाखवायची. यंत्र अंदाज करते, चुकले की चूक किती मोठी आहे ते मोजले जाते आणि त्या चुकीच्या प्रमाणात आतले हिशेब थोडे थोडे दुरुस्त केले जातात. असे लाखो वेळा. याला मशीन लर्निंग म्हणतात. 1990च्या दशकात यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेल लॅबमध्ये याच रीतीने चेकवरचे हस्ताक्षरातील आकडे वाचणारी यंत्रणा तयार केली आणि ती तिथल्या बँकांत वापरातही आली. म्हणजे या विद्येचा आमच्या टेबलाशी संबंध जुना आहे.

परंतु चेकवर आकडे दहाच. जगात वस्तू किती! 2006-07च्या सुमारास बहुतेक संशोधक अधिक चांगले गणिती सूत्र शोधण्यात गुंतले होते. डॉ. ली यांनी वेगळा प्रश्न विचारला. लहान मूल पाहायला कसे शिकते? त्याला कोणी सूत्र देत नाही. ते डोळे उघडते आणि पाहत राहते. तीन वर्षांचे होईपर्यंत त्याने जगाची कोट्यवधी चित्रे पाहिलेली असतात. मग यंत्राला आपण मूठभर चित्रे दाखवून ते शिकत नाही म्हणून कपाळाला हात का लावतो? दोष सूत्राचा आहे की उपाशी ठेवलेल्या विद्यार्थ्याचा?

त्याच प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने वर्डनेट नावाचा एक कोश 1985पासून तयार होत होता. त्यात इंग्रजी शब्द अर्थाच्या नात्याने, एखाद्या वंशावळीसारखे जोडलेले आहेत. प्राणी, त्याखाली सस्तन प्राणी, त्याखाली कुत्रा, त्याखाली कुत्र्याच्या जाती. डॉ. ली यांनी ठरवले की या वंशावळीतील हजारो नामांना चित्रे जोडायची. एकेका नामाला शेकडो चित्रे. या संग्रहाचे नाव इमेजनेट. 2007 साली काम सुरू झाले तेव्हा त्या नुकत्याच प्रिन्स्टनमध्ये सहायक प्राध्यापिका झालेल्या होत्या, नोकरी पक्की नव्हती. हे करिअर बुडवण्याचे लक्षण आहे असे हितचिंतकांनी सांगितले. पैसा मिळेना. इमेजनेटसाठी पुन्हा ड्रायक्लीनचे दुकान उघडावे लागेल, असे त्या आपल्या विद्यार्थ्यांना थट्टेने म्हणत.

चित्रे इंटरनेटवर मिळत होती, पण कुत्रा म्हणून शोधले तर त्यात कुत्र्याचे खेळणे, कुत्र्याचे व्यंगचित्र, नुसता पट्टाही येई. प्रत्येक चित्र माणसाने पाहून खात्री करणे भाग होते. जिया डेंग हा त्यांचा विद्यार्थी या कामात पहिल्यापासून होता. महाविद्यालयीन मुलांना तासाप्रमाणे पैसे देऊन हे करायचे तर कित्येक वर्षे लागली असती. तेव्हा त्यांना ॲमेझॉन कंपनीच्या मेकॅनिकल टर्क या व्यवस्थेची माहिती मिळाली. यात जगभरचे लोक घरबसल्या संगणकावर लहान लहान कामे करतात आणि प्रत्येक कामाला काही पैसे मिळतात. 167 देशांतील सुमारे 49,000 लोकांनी ही चित्रे निवडली, तपासली आणि त्यांवर नावे लावली. या व्यवस्थेत अमेरिकेखालोखाल भारतातील कामगारांची संख्या मोठी होती.

बंधू-भगिनींनो, आम्ही येथे थोडे थांबलो होतो. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून सारे जग नमस्कार करते, तिच्या पायाखाली या 49,000 माणसांचे डोळे आहेत. त्यांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या पाटीवर नाहीत. इमारत उभी राहिली की परांची काढून टाकतात आणि परांचीवर चढलेल्या माणसालाही विसरतात. आपल्या वस्तीने अशा कितीतरी इमारती उभ्या केल्या आहेत. म्हणून यंत्राचे कौतुक करताना त्या डोळ्यांचीही आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

2009 साली इमेजनेट विद्वानांच्या परिषदेत मांडले गेले. तेव्हा त्यात 32 लाख चित्रे होती. परिषदेत त्याला भाषणाची वेळही मिळाली नाही. भिंतीवर लावलेल्या एका तक्त्यावर काम भागले. त्याच वर्षी डॉ. ली स्टॅनफर्डला गेल्या. पुढे संग्रह वाढून दीड कोटी चित्रे आणि सुमारे 22,000 नामांपर्यंत गेला. तो संशोधकांना मोफत खुला करण्यात आला. 2010पासून त्यावर दरवर्षी स्पर्धा घेतली जाऊ लागली. एक हजार प्रकारच्या वस्तू ओळखायच्या. यंत्राने प्रत्येक चित्राला पाच अंदाज सांगायचे, पाचांतही बरोबर नाव नसेल तर चूक धरायची. पहिल्या वर्षी विजेत्याच्या शंभरात 28 चुका झाल्या, दुसऱ्या वर्षी 26. लोक म्हणू लागले, एवढा खटाटोप करून मिळवले काय?

2012 साली कॅनडातील टोरंटो विद्यापीठाचे जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर, स्पर्धेत उतरले. त्यांची पद्धत न्यूरल नेटवर्कची, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली. ही कल्पना अनेक दशके जुनी होती आणि बहुतेकांनी ती मोडीत काढली होती. त्यांच्या चुका शंभरात 15च निघाल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या 26. एका वर्षात एवढी उडी कोणी पाहिली नव्हती. जुनी पद्धत चुकीची नव्हती, तिला पुरेशी उदाहरणे आणि पुरेशी वेगवान यंत्रे कधी मिळालीच नव्हती. 2015 साली विजेत्याच्या चुका चाराच्याही खाली आल्या. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तेथून उसळली. हिंटन यांना 2024 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. 2025 साली अभियांत्रिकीचे क्वीन एलिझाबेथ पारितोषिक ज्यांना एकत्रितपणे देण्यात आले त्यांत हिंटन आणि लकून यांच्याबरोबर डॉ. लीही आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, यातला बोध साधा आहे. ज्याला मंद म्हणून मागच्या बाकावर बसवले होते, त्याला पोटभर उदाहरणे आणि साधने मिळाली तेव्हा तो पहिला आला. आपल्या पूर्वजांच्या बुद्धीविषयी शतकानुशतके जे बोलले गेले, त्याला बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढून जे उत्तर दिले, ते याहून वेगळे नव्हते.

येथेच आमचे भाषण संपले असते तर ते केवळ यशोगाथा झाले असते. परंतु ही कथा पुढे एका अवघड वळणावर जाते, आणि आम्हांला खरे सांगायचे आहे ते तेथेच.

वर्डनेटच्या वंशावळीत वस्तू आणि प्राणी होते, तशी माणसेही होती. माणसांसाठी 2,832 नावे होती. शिक्षक, खेळाडू, आजोबा अशी नावे होती, तशीच शिव्या होत्या, वंशाची आणि वर्णाची हीन नावे होती, आणि चेहऱ्यावरून कधीच कळू शकणार नाहीत अशी दूषणेही होती. शब्दकोशात शिवी असणे समजू शकते, कारण भाषेत ती आहे. पण ती चिठ्ठी एका खऱ्या माणसाच्या छायाचित्रावर चिकटवली गेली, त्या माणसाला न विचारता, आणि यंत्राला सांगितले गेले की असा दिसणारा माणूस म्हणजे हा. 2019 साली केट क्रॉफर्ड ही संशोधक आणि ट्रेव्हर पॅग्लन हा कलावंत या दोघांनी एक प्रयोग लोकांपुढे ठेवला. कोणीही आपले छायाचित्र द्यावे, इमेजनेटच्या त्या नावांवर शिकलेले यंत्र त्याला काय म्हणते ते पाहावे. लोकांनी पाहिले आणि अनेकांना धक्का बसला.

आम्हांला धक्का बसला नाही. आम्ही बँकेत लागलो तो दिवस आठवला. तेथील एका वरिष्ठांनी आमचे नाव विचारले, मग आडनाव विचारले. "अच्छा, म्हणजे..." एवढेच म्हणून त्यांनी वाक्य अर्धे सोडले. आम्ही तोवर एकही नोंद केलेली नव्हती, एकही व्हाउचर हाताळलेले नव्हते. आमच्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या कारकुनाची व्हाउचरे एकदा तपासली जात, आमची दोनदा. सहा महिने हे चालले. त्या सहा महिन्यांत आमच्याकडून काही चुकले नाही, तरी चिठ्ठी निघाली नाही. ते गृहस्थ वाईट होते असे आज आम्ही म्हणणार नाही. त्यांना लहानपणापासून ज्या चिठ्ठ्या लावलेली चित्रे दाखवली गेली, त्यांवरून ते शिकले होते. यंत्र असेच शिकते. फरक एवढाच की यंत्राची चूक क्षणात लाखो माणसांवर लागू होते आणि ती आकड्यांत असल्यामुळे निःपक्षपाती वाटते.

दुसरी गोष्ट चित्रे कोणाची, याची. इमेजनेटमधील 45 टक्क्यांहून अधिक चित्रे एकट्या अमेरिकेतील होती. भारत आणि चीन मिळून तीन टक्के, आणि जगाच्या लोकसंख्येत या दोन देशांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक. 2018 साली 'नेचर' या नियतकालिकातील एका लेखात याचे उदाहरण दिले आहे. पांढऱ्या पाश्चात्त्य पोशाखातील नवरीला यंत्राने नवरी म्हटले. उत्तर भारतीय नवरीच्या छायाचित्राला मात्र सोंगाचा पोशाख म्हटले. आम्हांला आपले मंगल परिणय आठवले. आपली वधू पांढरी साडी नेसते. ज्याला आपली रीत ठाऊक नाही तो पाहुणा दाराशी क्षणभर गोंधळतो, कारण त्याच्या मनात पांढऱ्या साडीवर दुसरीच चिठ्ठी आहे. साडी तीच, मुलगी तीच, आनंद तोच. पाहणाऱ्याच्या शिक्षणाप्रमाणे अर्थ बदलतो.

2018 सालीच जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय विदुषींनी, चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त शंभरात एकाहूनही कमी होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्रणेची चूक शंभरात जवळजवळ 35 निघाली. त्यांतील डॉ. गेब्रू या डॉ. ली यांच्याच विद्यार्थिनी. गुरूच्या विद्येचा दोष शिष्येने मोजून दाखवला आणि गुरूने तिला दूर केले नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे.

मग इमेजनेटचे काय झाले? डॉ. ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच दहा वर्षांच्या कामावर पुन्हा बसून ते तपासले. माणसांच्या 2,832 नावांपैकी 1,593 नावे अयोग्य ठरवली आणि त्यांखालची सहा लाखांहून अधिक चित्रे काढून टाकण्याचे 2019 साली जाहीर केले. उरलेल्यांतही बरीच नावे अशी निघाली की जी डोळ्यांनी दिसूच शकत नाहीत. माणूस दानशूर आहे की कर्जबाजारी, हे छायाचित्रात कसे दिसणार? पुढे 2021 साली संग्रहातील लोकांचे चेहरे पुसट करण्यात आले. यावर टीकाही झाली. हे आधीच का केले नाही, असे विचारले गेले, आणि तो प्रश्न रास्त आहे. ज्या हजारो यंत्रणा त्या चित्रांवर शिकून बाहेर पडल्या होत्या, त्यांना परत बोलावता येत नाही. चूक मान्य केल्याने ती झालीच नाही असे होत नाही. परंतु मान्य केल्याशिवाय सुधारणेचा आरंभही होत नाही.

आज वर्षावास समाप्तीचा प्रसंग आहे. या दिवशी भिक्खू संघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे विनंती करतो की माझ्याकडून काही दोष घडलेला आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, मी सुधारणा करीन. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी घालून दिलेली ही रीत आहे. शास्त्राचीही खरी रीत हीच. यंत्र पवारणा करू शकत नाही. ते दाखवलेल्या चुकीतून आकडे दुरुस्त करते, पण काय चूक आणि काय बरोबर हे त्याला माणसानेच सांगावे लागते. म्हणून यंत्राला दृष्टी देता येते, सम्यक दृष्टी देणाऱ्याजवळच असावी लागते.

डॉ. ली यांच्या पुढील वाटचालीविषयी थोडक्यात सांगतो. 2013 ते 2018 त्या स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या संचालक होत्या. मधल्या काळात विद्यापीठातून रजा घेऊन त्यांनी गुगल कंपनीत काम केले. या क्षेत्रात स्त्रिया आणि वंचित समाजातील मुले नाहीत, हे त्यांना खुपत होते. 2015 साली त्यांनी ओल्गा रुसाकोव्हस्की यांच्यासह शाळकरी मुलींसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले आणि 2017 साली त्यातून 'एआय फॉर ऑल' ही संस्था उभी राहिली. त्यांचे म्हणणे असे की ज्या खोलीत यंत्र घडते त्या खोलीत सगळ्या प्रकारची माणसे बसली पाहिजेत, नाहीतर चूक कोणाच्या लक्षातच येणार नाही. 2019 साली स्टॅनफर्डमध्ये माणसाला मध्यभागी ठेवून या विद्येचा विचार करणारी संस्था सुरू झाली, तिच्या त्या सहसंस्थापक आहेत.

गुणवंत विद्यार्थ्यांनो, आज तुमच्या हाती प्रमाणपत्र आले आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी संगणकाकडे जाईल. तेथे जाल तेव्हा नुसते यंत्र चालवणारे होऊ नका. यंत्राला कोणती चित्रे दाखवली, त्यांवर नावे कोणी लिहिली, आपली माणसे त्यात आहेत का आणि असतील तर कोणत्या नावाखाली, हे विचारणारे व्हा. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, ही कालामांना दिलेली शिकवण आहे. यात यंत्र सांगते म्हणून, हेही आता आपण धरावे.

आणि पालकांना व संस्थेच्या सभासदांना एक विनंती. त्या बॉब सबेला गुरुजींनी मुलीला फार मोठे काही दिले नाही. आपली जेवणाची सुट्टी दिली. आपल्या संस्थेची अभ्यासिका रविवारी दुपारी कुलूपबंद असते. आपल्यात शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेत, विमा कंपनीत, रेल्वेत नोकरी करणारे आहेत. ज्याला जे येते त्याचा रविवारचा एक तास त्याने द्यावा. आम्हांला उच्च गणित येत नाही. पण इंग्रजी उताऱ्याचा अर्थ लावायला आम्ही शिकवू शकतो, आणि येत्या रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही तेथे येऊन बसू. किल्ली कार्यवाहांकडे आहे. गणिताला कोण येणार, ते कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी आम्हांला सांगावे.

आमच्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, तर आजच्या दिवसाला स्मरून आपण ते आम्हांला जरूर दाखवावे. 

नमो बुद्धाय. जय भीम.